शस्त्रखरेदी आणि सराव : पोलीस आधुनिकीकरणातील हरवलेला समतोल

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस देशभरातील पोलीस महासंचालक व महानिरीक्षकांची ६० वी अखिल भारतीय परिषद छत्तीसगडच्या नव्या राजधानीत, नवा रायपूर येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या परिसरात भरली. राज्याचे मंत्रालय व पोलीस मुख्यालय याच नगरात आहे. दोन दशकांहून अधिक काळ बस्तरच्या जंगलात नक्षलवादाशी लढणाऱ्या दलाची शस्त्रे, दारूगोळा आणि प्रशिक्षण यांविषयीचे निर्णय येथून होतात. या निर्णयांत एक जुना पेच दडलेला आहे. हाती असलेल्या मर्यादित निधीतून आणखी बंदुका घ्याव्यात, की असलेल्या बंदुका चालविण्याचा सराव वाढवावा? वरकरणी हा हिशेबाचा प्रश्न वाटतो. छत्तीसगडच्या अनुभवाकडे पाहिले, तर तो जीवनमरणाचा प्रश्न असल्याचे ध्यानात येते.

घटनात्मक चौकट आणि निधीचा प्रवाह

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘पोलीस’ हे अनुक्रमे राज्यसूचीतील पहिले व दुसरे विषय आहेत. ‘शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके’ हा विषय मात्र संघसूचीत पाचव्या क्रमांकावर आहे. अनुच्छेद ३५५ अन्वये अंतर्गत अशांततेपासून प्रत्येक राज्याचे संरक्षण करणे हे संघराज्याचे कर्तव्य ठरते. यामुळेच पोलीस हा राज्याचा विषय असूनही केंद्र शासन राज्यांना अर्थसाहाय्य देते. या साहाय्याचा प्रमुख मार्ग म्हणजे १९६९-७० पासून सुरू असलेली पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची योजना होय.

सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने पोलीस आधुनिकीकरणाच्या एकछत्री योजनेला २०१७-१८ ते २०१९-२० या कालावधीसाठी २५,०६० कोटी रुपयांची मान्यता दिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी २६,२७५ कोटी रुपये मंजूर झाले. त्यांपैकी ४,८४६ कोटी राज्य पोलीस दलांच्या आधुनिकीकरणासाठी, तर ८,६८९ कोटी डाव्या अतिरेकी कारवायांनी ग्रस्त भागांतील सहा योजनांसाठी होते. सर्वसाधारण राज्यांबाबत आधुनिकीकरणाच्या खर्चातील केंद्र व राज्याचा वाटा ६०:४०, तर ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांबाबत ९०:१० असा आहे. नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी सुरक्षाविषयक खर्चाच्या प्रतिपूर्तीची स्वतंत्र योजना असून तीत दलांच्या प्रशिक्षणाच्या व मोहिमांच्या गरजांचाही समावेश होतो.

आकडे मोठे आहेत, परंतु मंजुरी आणि प्रत्यक्ष खर्च यांत अंतर असते. २०१५-१६ मध्ये केंद्र व राज्यांनी मिळून आधुनिकीकरणासाठी ठेवलेल्या ९,२०३ कोटी रुपयांपैकी केवळ १४ टक्के रक्कम खर्च झाली होती. एकूण पोलीस खर्चात प्रशिक्षणाचा देशपातळीवरील वाटा तर अलीकडच्या वर्षांत साधारण एक ते दीड टक्का एवढाच राहिला आहे.

खरेदी सोपी, सराव कठीण

शस्त्र ही डोळ्यांना दिसणारी वस्तू आहे. तिची निविदा निघते, ती शस्त्रागारात जमा होते, नोंदवहीत चढते आणि निधीच्या विनियोगाचे प्रमाणपत्र सादर करता येते. सरावाचे तसे नसते. काडतूस झाडले की मागे राहते ती मोजून परत जमा करावयाची रिकामी पुंगळी. शिपायाच्या हातात आलेली सफाई कोणत्याही नोंदवहीत जमेस धरता येत नाही. शस्त्रखरेदी हा बहुधा एकवेळचा खर्च असतो. सराव हा दरवर्षी नव्याने करावयाचा महसुली खर्च असतो आणि काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते.

या गणिताचा एक साधा नमुना पाहू. उदाहरणादाखल, एका रायफलीच्या किमतीत पंधराशे काडतुसे येतात असे धरू. तीनशे जवानांच्या तुकडीने नव्या रायफलींची मागणी दहाने कमी केली, तर पंधरा हजार काडतुसे, म्हणजे माणशी पन्नास अधिक काडतुसे, सरावास मिळतील. मात्र काडतुसे एका वर्षात संपतात आणि रायफल अनेक वर्षे टिकते, असा आक्षेप येथे घेता येईल. तो खराही आहे. परंतु त्याची दुसरी बाजू अशी की, वर्षाला शंभर काडतुसांचा सराव धरला तर पंधरा वर्षांत त्या रायफलीवर तिच्या किमतीइतकाच दारूगोळा खर्च होणार आहे. हा खर्च खरेदीच्या दिवशीच गृहीत धरला नाही, तर घेतलेली रायफल अर्धीच घेतली असे म्हणावे लागेल. प्रस्तावात रायफलीची किंमत असते, पण तिच्या आयुष्यभराच्या सरावाचा खर्च क्वचितच असतो.

शस्त्रांच्या विविधतेमुळे ही अडचण वाढते. एकाच दलात .३०३ रायफल, ७.६२ मिलिमीटरची एसएलआर, एके-४७, ५.५६ मिलिमीटरची इन्सास आणि ९ मिलिमीटरची कार्बाइन व पिस्तूल अशी शस्त्रे एकाच वेळी वापरात राहिली आहेत. एसएलआर व एके-४७ या दोन्ही ‘७.६२’ म्हणून ओळखल्या जात असल्या तरी पहिलीच्या काडतुसाच्या पुंगळीची लांबी ५१ मिलिमीटर, तर दुसरीच्या ३९ मिलिमीटर असते. एकीचे काडतूस दुसरीला चालत नाही. जितके प्रकार अधिक, तितके दारूगोळ्याचे स्वतंत्र साठे, सुटे भाग, दुरुस्ती कारागीर आणि प्रशिक्षक अधिक. नवीन शस्त्राची भर टाकताना जुने एखादे काढून टाकले, तर सरावाचा निधी आपोआप मोकळा होतो. ही बचत अंदाजपत्रकाच्या कोणत्याही शीर्षाखाली दिसत नाही, म्हणून ती फारशी कोणी सुचवीतही नाही.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या राजस्थान पोलिसांविषयीच्या, २००९ ते २०१४ या कालावधीच्या लेखापरीक्षणात गरजेच्या तुलनेत आधुनिक शस्त्रांची ७५ टक्के कमतरता आढळली. आणि जी शस्त्रे मिळाली होती, त्यांपैकी ५९ टक्के पोलीस ठाण्यांना वाटलीच गेली नसल्याने पडून होती. टंचाई आणि पडीक साठा एकाच दलात एकाच वेळी असू शकतात, याचा हा बोलका पुरावा आहे.

बस्तरने मोजलेली किंमत

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. दक्षिणेकडील बस्तर विभागात त्यापूर्वीच नक्षलवाद्यांचा जम बसला होता. १५ मार्च २००७ रोजी बिजापूर भागातील राणीबोदली येथील पोलीस तळावर रात्री हल्ला होऊन ५५ जण मारले गेले. त्यांत बहुसंख्य स्थानिक आदिवासी तरुणांमधून नेमलेले विशेष पोलीस अधिकारी होते. हल्लेखोरांनी तळावरील शस्त्रेही नेली. ६ एप्रिल २०१० रोजी ताडमेटलाजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ७५ जवान व राज्य पोलीस दलातील एक, असे ७६ जण मृत्युमुखी पडले. येथेही शस्त्रे लुटली गेली. सीमा सुरक्षा दलाचे माजी महासंचालक ई. एन. राममोहन यांनी केलेल्या चौकशीत नेतृत्वातील त्रुटींवर बोट ठेवण्यात आले. या जवानांच्या हाती स्वयंचलित शस्त्रे होती. शेजारच्या ओडिशात फेब्रुवारी २००८ मध्ये नयागढ येथील शस्त्रागार फोडून एक हजाराहून अधिक शस्त्रे पळविण्यात आली. जे शस्त्र राखता येत नाही ते प्रतिपक्षाच्या साठ्यात भर घालते, हा धडा या भागाने पुनःपुन्हा घेतला.

शस्त्र आणि प्रशिक्षण यांच्या नात्याची सर्वांत गंभीर चर्चा सर्वोच्च न्यायालयात झाली. ‘नंदिनी सुंदर विरुद्ध छत्तीसगड राज्य’ या खटल्याचा निकाल न्या. बी. सुदर्शन रेड्डी व न्या. एस. एस. निज्जर यांच्या पीठाने ५ जुलै २०११ रोजी दिला. छत्तीसगडमधील विशेष पोलीस अधिकाऱ्यांची मंजूर संख्या तेव्हा ६,५०० होती. त्यांना दरमहा ३,००० रुपये मानधन मिळे. पाचवी उत्तीर्ण तरुणास प्राधान्य असे आणि प्रशिक्षणाचा कालावधी दोन महिन्यांचा होता. तेवढ्या अवधीत त्यांना शस्त्र हाताळणी तर शिकवायचीच होती, शिवाय भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया, पुरावा कायदा आणि मानवी हक्क यांचीही ओळख करून द्यायची होती. शस्त्रे केवळ स्वसंरक्षणासाठी दिली आहेत, असे राज्य शासनाचे म्हणणे होते.

न्यायालयाने हे म्हणणे स्वीकारले नाही. इतक्या अल्प शिक्षणाच्या व अल्प प्रशिक्षणाच्या तरुणांकडून स्वसंरक्षणाच्या हक्काच्या कायदेशीर मर्यादा समजून घेण्याची अपेक्षा ठेवणे वास्तवाला धरून नाही, असे न्यायालयाने म्हटले. २००४ ते २०११ या काळात छत्तीसगडमध्ये ५३८ पोलीस व केंद्रीय दलांचे जवान आणि १७३ विशेष पोलीस अधिकारी मारले गेल्याची नोंद निकालात आहे. अशा नेमणुका अनुच्छेद १४ व २१ यांचा भंग करणाऱ्या ठरवून, विशेष पोलीस अधिकाऱ्यांना दिलेली सर्व अग्निशस्त्रे दारूगोळ्यासह परत घेण्याचे आदेश देण्यात आले. त्यानंतर राज्याने सहायक सशस्त्र पोलीस दलाविषयीचा कायदा २०११ मध्येच केला. त्यावरून उद्भवलेली अवमान याचिका मे २०२५ मध्ये निकाली काढताना, विधिमंडळाने केलेला कायदा हा न्यायालयाचा अवमान ठरू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने हा निकाल सामान्यतः मानवी हक्कांच्या प्रकरणात अभ्यासला जातो. त्याचे आणखी एक वाचन शक्य आहे. प्रशिक्षणाचा तुटवडा हा केवळ कार्यक्षमतेचा दोष नसून तो समानतेच्या व जीविताच्या मूलभूत हक्कांपर्यंत पोहोचतो, हे येथे न्यायालयाच्या लेखणीतून प्रथमच इतक्या ठसठशीतपणे आले. बंदूक स्वस्तात देता आली, पण तिच्यासोबत द्यावयाचा विवेक दोन महिन्यांत देता आला नाही.

नागरिकांच्या बाबतीत कायद्याने हा क्रम ओळखला आहे, ही येथे नोंदवण्याजोगी बाब. शस्त्र अधिनियम, १९५९ अंतर्गत केलेल्या शस्त्र नियम, २०१६ मध्ये परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याने शस्त्र व दारूगोळा सुरक्षिततेचे प्रशिक्षण घेण्याची तरतूद आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. आधी शिकावे, मग बाळगावे, तेही मोजकेच, असे नागरिकाला सांगणाऱ्या व्यवस्थेने स्वतःच्या शिपायाबाबत हा क्रम उलटा ठेवावा, हे विसंगत आहे.

मुंबईतही हेच

हा प्रश्न केवळ दुर्गम जंगलांचा नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवरील हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ धारी अतिरेक्यांसमोर काही पोलिसांच्या हाती .३०३ रायफली व लाठ्या होत्या, याची चर्चा पुष्कळ झाली. त्यामानाने दुसरी बाब मागे पडली. माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान व व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने आपल्या अहवालात, दारूगोळ्याच्या टंचाईमुळे मुंबई पोलिसांच्या शीघ्र प्रतिसाद पथकांचा गोळीबार सराव खंडित झाला होता याकडे लक्ष वेधले. म्हणजे जेथे आधुनिक शस्त्रे होती तेथेही ती चालविण्याची सवय सुटत चालली होती. काडतुसे बनविणारे कारखाने महाराष्ट्रातच, पुण्याजवळ खडकीला आणि जळगाव जिल्ह्यात वरणगावला आहेत. अंतर कारखान्याचे नव्हते, ते मागणी, मंजुरी आणि पुरवठा यांच्या साखळीत होते.

कांकेर आणि गडचिरोली

या पार्श्वभूमीवर छत्तीसगडने केलेला एक प्रयोग महत्त्वाचा ठरतो. २००५ मध्ये कांकेर येथे दहशतवादविरोधी व जंगलयुद्ध महाविद्यालय सुरू झाले. मिझोरममधील वैरेंगटे येथील लष्कराच्या जंगलयुद्ध विद्यालयाचे माजी प्रमुख ब्रिगेडियर बी. के. पोनवार यांच्याकडे त्याची धुरा सोपविण्यात आली. ‘गनिमाशी गनिमासारखे लढा’ हे या संस्थेचे सूत्र. सुमारे सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात जवानांना जंगलात राहणे, वाट काढणे, सापळा ओळखणे आणि क्षणात नेम साधणे शिकविले जाते. येथे सर्वांत मोठे प्रशिक्षण साधन म्हणजे भोवतालचे डोंगर व जंगल. त्यासाठी निविदा काढावी लागत नाही. अन्य राज्यांच्या पोलिसांनाही येथे पाठविण्यात आले. पुढे केंद्र शासनाने निरनिराळ्या राज्यांत बंडखोरी व दहशतवादविरोधी विद्यालये उभारण्यासाठी जे साहाय्य दिले, त्याचा हेतूही हाच होता.

छत्तीसगडला लागून असलेल्या महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९० मध्येच सी-६० पथक उभे राहिले. साठ जवानांच्या पहिल्या तुकडीवरून हे नाव पडले. स्थानिक भाषा व भूप्रदेश जाणणारे तरुण निवडायचे, त्यांना देशातील नामांकित संस्थांत शिकवायचे आणि शक्यतो एकत्र ठेवायचे, ही त्याची रीत. छत्तीसगडच्या जिल्हा राखीव दलाची उभारणी २००८ पासून कांकेर व नारायणपूरपासून टप्प्याटप्प्याने झाली, तीही स्थानिक तरुणांच्या भरतीतूनच. विशेष पोलीस अधिकारी आणि ही पथके यांत मनुष्यबळाचा उगम बराचसा सारखाच आहे. फरक पडला तो निवड, नियमित सेवा आणि प्रशिक्षणाच्या सातत्यामुळे.

थोड्या निधीत अधिक सराव

नेमबाजीचे प्रत्येक प्रशिक्षण काडतूस जाळूनच होते, असा समज असतो. प्रत्यक्षात नेमबाजीचा पाया गोळीविनाच घातला जातो. रिकाम्या व तपासलेल्या शस्त्राने पवित्रा घेणे, श्वास रोखणे, नेम स्थिर ठेवून चाप हळूवार ओढणे, मॅगझीन बदलणे आणि अडकलेले शस्त्र मोकळे करणे यांचा रोज पंधरा-वीस मिनिटांचा अभ्यास कोणत्याही कवायत मैदानावर करता येतो. त्याला लागते ती शिस्त व सुरक्षिततेचे कडक पालन. त्यापुढची पायरी म्हणजे .२२ बोअरच्या स्वस्त काडतुसांचा सराव व संगणकीय अनुरूपक. अनुरूपकावर गोळी झाडावी की झाडू नये, याचा निर्णय घेण्याचे प्रसंग उभे करता येतात. पोलिसांच्या बाबतीत अचूक नेमाइतकेच या निर्णयाला मोल आहे. तथापि अनुरूपक हा खऱ्या गोळीबाराला पर्याय नाही. दणका, आवाज आणि भीती यांची सवय चांदमारीवरच होते. त्यामुळे मोजकी काडतुसे शेवटच्या पायरीसाठी राखून ठेवणे, हाच शहाणपणाचा हिशेब होय.

दारूगोळ्याला वापराची मुदत असते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. जुना साठा आधी सरावात वापरून नवा साठा मोहिमांसाठी ठेवला, तर सरावाचा काही भार आपोआप हलका होतो. शिवाय कोणते शस्त्र अडते हे चकमकीपूर्वीच कळते.

पैशापेक्षाही दुर्मीळ गोष्ट वेळ आहे. बंदोबस्त, पहारे, निवडणुका आणि व्यक्तींची सुरक्षा यांतून शिपाई चांदमारीसाठी मोकळा होत नाही. रिक्त पदांमुळे ठाणेप्रमुख त्याला सोडण्यास नाखूश असतो. यासाठी मंजूर मनुष्यबळातील ठरावीक हिस्सा सदैव प्रशिक्षणात राहील अशी ‘प्रशिक्षण राखीव’ पदे ठेवण्याची कल्पना जुनी आहे. पोलीस प्रशिक्षणाचा देशव्यापी विचार प्रथम ज्या समितीने केला, तिचे अध्यक्ष मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक प्रा. म. स. गोरे होते. समितीने १९७३ मध्ये अहवाल दिला. तिच्याच शिफारशीवरून पोलीस संशोधन व विकास ब्युरोत प्रशिक्षण विभाग सुरू झाला. सेनाधिकारी वा पोलीस अधिकारी नसलेल्या एका समाजशास्त्रज्ञाकडे हे काम सोपविले गेले होते, ही गोष्ट आजही विचार करायला लावणारी आहे.

शस्त्रे परत येताना

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी बस्तरच्या जगदलपूर येथे २१० नक्षलवाद्यांनी शरणागती पत्करली आणि १५३ शस्त्रे खाली ठेवली. त्यांत १९ एके-४७, २३ इन्सास, १७ एसएलआर आणि ३६ .३०३ रायफली होत्या. इन्सास, एसएलआर व .३०३ या सुरक्षा दलांच्या वापरातील बंदुका आहेत. कधी तरी एखाद्या शस्त्रागाराच्या नोंदवहीत त्या जमेच्या बाजूला लिहिल्या गेल्या असतील. शरण आलेल्यांपैकी काही जण पूर्वीप्रमाणेच जिल्हा राखीव दलात येण्याची शक्यता आहे, आणि मोहिमा ओसरल्यावर या सशस्त्र पथकांना सर्वसाधारण पोलीस कामाकडे वळवावे लागेल. तपास, जमाव हाताळणी, संवाद आणि गोळी न झाडण्याचे प्रशिक्षण यांची तरतूद नवा रायपूरच्या अंदाजपत्रकात आता कोणत्या शीर्षाखाली व किती होते, यावर बस्तरमधील पुढची वर्षे अवलंबून राहतील. एकछत्री आधुनिकीकरण योजनेचा कालावधी मार्च २०२६ पर्यंतचाच ठरविण्यात आला होता. पुढील टप्प्याच्या प्रस्तावांत प्रत्येक शस्त्रासोबत त्याच्या दहा वर्षांच्या सरावाचा खर्च मांडणे राज्यांना बंधनकारक करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही, मागणीपत्रातील एक जादा रकाना पुरेल.